29 ऑगस्टचं आमंत्रण

ताई, नमस्कार. वय 41, अंबडला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. लहानपण ओझरला, एचएएलच्या टाउनशिपमध्ये गेलं. वडील विमानं जुळवायचे आणि आम्ही पोरं केबलवर 'टर्मिनेटर'चा, म्हणजे भविष्यातून आलेल्या यंत्रमानवांच्या त्या इंग्रजी सिनेमाचा, दुसरा भाग लागला की पुस्तकं फेकून टीव्हीसमोर. त्यात जगाचा शेवट 29 ऑगस्ट 1997 ला होतो. त्या दिवशी शुक्रवार होता. शाळा सुटल्यावर मी आणि माझा मित्र क्वार्टरच्या गच्चीवर जाऊन बसलो होतो, खरंच काही होतंय का बघायला. पुढे नोकऱ्या लागल्यावर दर 29 ऑगस्टला मिसळ हाणायची आणि तोच सिनेमा लावायचा असा पायंडा पडला.

2019 ची दिवाळी झाली आणि लगेच त्याच मालिकेतला 'डार्क फेट' आला. दोघांनी कॉलेज रोडला पहिल्याच शोला पाहिला. ज्या जॉन कॉनरला वाचवण्यासाठी दुसरा भाग घडला, त्याला सुरुवातीलाच गोळ्या घालून मारलं. माझं डोकं फिरलं. मित्र बाहेर येऊन म्हणाला, "मला तर आवडला बुवा." रात्री ग्रुपवर मी त्याला बरंच लिहिलं. "तुला कधीच काही कळलं नाही, तू नुसता मिसळ खायला येतोस" हे त्यातलं सगळ्यांत सभ्य वाक्य. त्याच झटक्यात सिनेमातल्या एका अभिनेत्रीच्या फोटोखाली पण नको ते लिहिलं. मित्र ग्रुप सोडून गेला. तेव्हापासून बोलणं बंद.

आता त्याचा मेसेज आलाय. "पोरगा बारा वर्षांचा झाला. 29 ला त्याला टर्मिनेटर टू दाखवतोय. ये." जाऊ का? गेलो तर त्या सिनेमाचा विषय निघणार आणि मला तोंडदेखलं बोलता येत नाही. आणि पोराला पुढचे भाग दाखवू नकोस, असं सांगितलं तर चालेल का? सिनेमावरून मैत्री तुटली हे कुणाला सांगायचीही लाज वाटते.
— एक वाचक, सिडको, नाशिक

दादा, जा. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

लाज कसली वाटून घेताय? आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीवरून भाऊ भाऊ बोलेनासे होतात. कुठली मिसळ खरी नाशिकची, यावरून लोक अजून तावातावानं भांडतात. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक असलेल्या गावात सिनेमावरून दोन माणसं भांडली, तर त्यात जगावेगळं काही झालं नाही. तुमचं भांडण खरं आहे आणि तुमची तक्रारही बरीचशी खरी आहे. "अहो, शेवटी सिनेमाच तो, सोडून द्या" असं मी म्हणणार नाही. ज्याला सिनेमा जिवाभावाचा असतो त्याला असला सल्ला देण्यात अर्थ नसतो.

आधी तक्रारीचंच बघू. दुसरा भाग, 1991 चा, सव्वादोन तासांहून थोडा मोठा आहे. या सगळ्या वेळात एक बाई, एक यंत्र आणि एक पोरगा मिळून एकच गोष्ट मिळवतात: पोरगा जगतो आणि ठरलेलं भविष्य टळतं. 'डार्क फेट' सुरू होतो आणि काही मिनिटांतच ग्वाटेमालाच्या किनाऱ्यावर, 1998 सालात, संगणकानं तरुण केलेल्या चेहऱ्यांसमोर तो पोरगा मरतो. ना झटापट, ना निरोप. पुढचा सिनेमा सुरू करायला दार उघडावं लागतं तसं त्याला उघडून बाजूला केलं जातं. त्याच्या आईला, सारा कॉनरला, सूडाचं कारण हवं होतं, ते मिळालं. प्रेक्षकाचं काय झालं याचा हिशेब कुणी केला नाही.

गंमत पुढे आहे. 1992 साली 'एलियन'चा तिसरा भाग आला, तेव्हा अगदी हेच झालं होतं. दुसऱ्या भागात नायिकेनं जिवावर उदार होऊन वाचवलेली न्यूट नावाची मुलगी आणि हिक्स नावाचा सैनिक, दोघेही तिसऱ्याच्या श्रेयनामावलीतच संपवले होते. तो दुसरा भाग जेम्स कॅमेरूनचा, 'टर्मिनेटर'चे पहिले दोन भाग ज्यानं काढले त्याचाच. या मृत्यूंबद्दल त्यानं आपली नाराजी उघड बोलून दाखवली होती. आणि 'डार्क फेट'च्या निर्मात्यांत, कथेच्या श्रेयात नाव कुणाचं? त्याच कॅमेरूनचं. दिग्दर्शन टिम मिलरचं असलं तरी. तेव्हा तुम्हाला राग आला तो काही तुमच्या खुळेपणामुळे नाही. ज्याच्या हातून अशी पात्रं जन्मली त्यालाही कधीकाळी हाच राग आला होता.

आता माझं मत सांगते, तुम्ही विचारलं नसलं तरी. सिनेमा तुम्ही म्हणता तेवढा टाकाऊ नाही. साराचं काम करणारी लिंडा हॅमिल्टन हायवेवर गाडीतून उतरते तेव्हा थिएटरमध्ये शिट्ट्या पडाव्यात असंच ते आहे. टेक्सासमध्ये पडद्यांचा धंदा टाकून बसलेला म्हातारा टर्मिनेटर, लहान मुलीच्या खोलीला एकरंगी पडदे लावू नयेत हे गंभीर चेहऱ्यानं सांगणारा, मला आवडला. हसले मी. पण उत्तरार्ध म्हणजे विमानातून धरणात, धरणातून पाण्याखाली नुसता धुमाकूळ. कोण कुणाला का मारतंय याची फिकीर उरत नाही.

आणि एका गोष्टीबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत याचं मला नवल वाटलं. सिनेमातली नवी नायिका दानी मेक्सिको सिटीतल्या गाड्यांच्या कारखान्यात काम करते, भाऊही तिथेच. एका सकाळी दोघं कामावर जातात आणि बघतात तर भावाच्या जागेवर यंत्र बसवलेलं. कुणी भविष्यातून आलेलं नाही, कुणाच्या हातात बंदूक नाही. मॅनेजर आहे, लाईन आहे, आणि कालपर्यंत माणूस उभा होता तिथे आज यंत्राचा हात हलतोय. अहो, तुम्ही अंबडला रोज जाता. ही जागा तुमच्याइतकी कुणाला ओळखीची? पस्तीस वर्षं ही मालिका यंत्र माणसाला खाणार म्हणून ओरडत होती आणि इथे पहिल्यांदा ते शॉप फ्लोअरवर आणून दाखवलं. मग काय केलं त्याचं? थोड्याच वेळात तिथे मारामारी सुरू, आणि तो धागा सुटला तो सुटलाच. जॉनच्या मृत्यूपेक्षा मला हे जास्त लागलं. हातात आलेला चांगला सिनेमा त्यांनी स्वतःच टाकला.

हे एवढं लांबण लावून सांगितलं ते मुद्दाम. तुम्ही क्वालिटीला आहात. माल परत पाठवताना टॅगवर "बेकार" असं लिहिता का? कुठलं माप, किती मिलिमीटरनं बाहेर, कुठल्या लॉटमधलं, हे लिहिता. मग समोरचा पुरवठादार चिडला तरी त्याला बोलायला काहीतरी असतं, आणि तुमचंही काम तिथे संपतं. 2019 च्या त्या रात्री तुम्ही ग्रुपवर काय लिहिलंत? "तुला कधीच काही कळलं नाही." याला काय उत्तर देणार माणूस? यात माप नाही. असा राग कुठेच बसत नाही, म्हणून तो इतकी वर्षं टिकला. एका संध्याकाळी कागद घ्या आणि सिनेमात नेमकं काय चुकलं ते प्रसंगानुसार लिहून काढा. कुणाला दाखवायचं नाही. माझा अंदाज, दीड पान होईल, आणि त्यात दोन-तीन ओळी चांगल्या म्हणूनही लिहाव्या लागतील.

ते लिहिताना एक लक्षात ठेवा. हे सिक्वेल का निघत राहतात, यामागे तुमच्याविरुद्ध कुणाचा कट नाही. पहिला भाग करताना कॅमेरून नवखा होता. दिग्दर्शन मलाच करू द्या, या अटीवर त्यानं पटकथेचे हक्क निर्माती गेल ॲन हर्डला एका डॉलरला विकले. 1984 ला सिनेमा आला, चालला, आणि ते हक्क म्हणजे मोठी इस्टेट झाली. दुसरा भाग काढणारी कॅरोल्को 1995 मध्ये दिवाळखोरीत गेली, हक्क दुसऱ्यांकडे. त्यांनी 2003 मध्ये तिसरा काढला. पुढे आणखी कुणी घेतले, 2009 ला चौथा काढला, आणि त्याच वर्षी तीही कंपनी दिवाळखोरीच्या दारात. मग नवे मालक, 2015 ला पाचवा, ज्यात जॉन कॉनरलाच खलनायक केला. प्रत्येकानं पैसे मोजून नाव घेतलेलं, तेव्हा नावावर सिनेमा काढणं भाग. गोष्ट सांगायची उरली आहे का, हा प्रश्न या साखळीत कुणाच्याच टेबलावर नव्हता.

'डार्क फेट' तरी कुठे चालला? जगभरात मिळून 26 कोटी डॉलरच्या आसपास गल्ला, आणि खर्च असा की एवढ्यानं भागलं नाही. त्याच्यानंतर पडद्यावर नवा भाग आलेला नाही. नेटफ्लिक्सवर एक जपानी ॲनिमे मालिका आली, 2024 मध्ये. तारीख कुठली निवडली माहीत आहे? 29 ऑगस्ट. म्हणजे गच्चीवर बसलेली पोरं जगात तुम्ही दोघंच नव्हता.

अजून एक. 'डार्क फेट'वाल्यांनी तिसरा, चौथा, पाचवा हे तिन्ही भाग घडलेच नाहीत असं धरून गोष्ट पुढे नेली. दुसऱ्यानंतर थेट हा. म्हणजे मालकांनीच तीन सिनेमे खुशाल गाळले. मग तुम्ही एक गाळलात तर कुणाची हरकत? दुसऱ्या भागाचा शेवट कॅमेरूननं आधी वेगळाच चित्रित केला होता: म्हातारी सारा बागेत बसलेली, जग वाचलेलं, जॉन सिनेटर झालेला. तो काढून त्यानं रात्रीचा हायवे आणि साराचा आवाज ठेवला. पुढे काय, ते सांगितलं नाही. ती मोकळी जागा तुमची आहे. तिथे ग्वाटेमाला घालायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. मी घालत नाही. (तिसऱ्या भागाचा शेवट मात्र मला धीट वाटतो. पण ते पत्र वेगळं लिहा, आत्ता दोघांच्या मध्ये तिसरं भांडण नको.)

आता मित्राकडे येऊ. त्याला तुम्ही जे लिहिलंत ते सिनेमाबद्दल नव्हतंच. "तू नुसता मिसळ खायला येतोस" याचा अर्थ, इतकी वर्षं तू माझ्याशेजारी बसलास ते खोटं होतं. गच्चीवरसुद्धा. हे त्याला लागणारच. त्याला सिनेमा आवडला यात तुमचं काही गेलं नव्हतं. कदाचित त्याला सारा कॉनर म्हातारी होऊन परत आली यातच सगळं मिळालं असेल. तुम्ही विचारलंच नाहीत. निदान तुमच्या पत्रात तरी, त्याला काय आवडलं, याचा उल्लेख नाही. 29 ला हेच विचारा. "तुला त्यात काय आवडलं होतं रे?" विचारून गप्प बसा. मधे तोडायचं नाही. मग तुम्हाला काय खटकलं ते सांगा, ग्वाटेमाला आणि कारखाना दोन्ही सांगा. तोंडदेखलं बोलायची गरजच पडणार नाही.

पण त्याआधी मेसेजला उत्तर द्या, आणि ते लांबलचक नको. सहा-सात वर्षांचा हिशेब व्हॉट्सॲपवर मांडायला बसलात तर पुन्हा घोळ होईल. "येतो. त्या दिवशी ग्रुपवर जे बोललो ते चुकलं, सॉरी. पाव मी आणतो." बस. "पण सिनेमा बेकारच होता" हे पुढे जोडायचा मोह होईल, आवरा. वहिनींनाही फोनवर सांगा, येतोय म्हणून. घरात मुलगा आहे, बाबांचा जुना मित्र का येत नव्हता हे त्यांना माहीत असणार, आणि बायका अशा गोष्टी पुरुषांपेक्षा जास्त लक्षात ठेवतात.

आता त्या अभिनेत्रीच्या फोटोखालची कमेंट. तुम्ही पत्रात ती एका ओळीत उरकलीत, मी उरकणार नाही. आजच्या आज शोधून काढून टाका. सापडत नसेल तर स्वतःच्या अकाउंटच्या ॲक्टिव्हिटीत जुन्या कमेंट दिसतात, तिथे बघा. बाकीच्या तुमच्या रागाला मी बाजू दिली, याला देणार नाही. जॉनला मारायचं तिनं ठरवलं नव्हतं. तिला कागद मिळाला, तिनं काम केलं. 'स्टार वॉर्स'च्या 2017 च्या भागानंतर केली मरी ट्रान या अभिनेत्रीवर लोक असे तुटून पडले की 2018 मध्ये तिनं इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. वंश, दिसणं, काही सोडलं नाही. त्यातला प्रत्येक जण स्वतःला त्या मालिकेचा निस्सीम चाहताच म्हणवत असणार. तुमची ती एक कमेंट तिनं वाचली का, ते तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून माफीनामा वगैरे लिहायला जाऊ नका, नुसती काढा. आणि सिनेमाबद्दल लिहायची खुमखुमी असेल तर सिनेमाबद्दल लिहा, तुम्हाला जमेल.

पोराचं सगळ्यांत सोपं. पुढचे भाग दाखवू नकोस, असं मित्राला सांगायला जाऊ नका. बारा वर्षांच्या मुलाला "ते बघू नकोस" म्हटलं की तो त्याच रात्री मोबाइलवर बघणार. त्यापेक्षा तुम्हाला एक काम देते. दुसरा भाग असा रचला आहे की सुरुवातीला दोन माणसं भविष्यातून येतात आणि कोण मारायला आलंय, कोण वाचवायला, ते मॉलच्या मागच्या कॉरिडॉरपर्यंत उघड होत नाही. 1991 ला जाहिरातींनीच ते फोडून टाकलं होतं. तुम्ही दोघांनी तरी ते न कळता पाहिलं होतं का, मला शंका आहे. या पोराला ती संधी आहे. पण त्यासाठी टर्मिनेटर झालेला श्वार्झनेगर पहिल्या भागात मारेकरी होता हे त्याला माहीत हवं, आणि पहिला भाग त्याच्या वयाला जड आहे, रक्तपात आहे आणि बाकीचंही आहे. तेव्हा सिनेमा लावायच्या आधी पहिल्या भागाची गोष्ट तुम्ही तोंडी सांगा. मिसळ खाता खाता दहा मिनिटं. मारेकरी किती भयंकर होता ते तिखट-मीठ लावून सांगा आणि तिथेच थांबा. मित्राला आधीच डोळा मारून ठेवा, नाहीतर तो "अरे पण यात तो चांगला असतो" म्हणून मोकळा व्हायचा.

पुढे कधी त्याला 'डार्क फेट' आवडला, तर आवडू द्या. त्याच्यासाठी जॉन कॉनर हा गच्चीवरचा सोबती नाही. त्याला दानीचा कारखाना जवळचा वाटेल, त्याच्या पिढीला यंत्राची भीती वेगळ्या वाटेनं येणार आहे. आणि गोडी लागलीच तर सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात, जयंत नारळीकरांचं 'वामन परत न आला' मिळतं का बघा. माणसानं बनवलेलं हुशार यंत्र हाताबाहेर जायला लागलं तर काय, हे मराठीत आधीच लिहून ठेवलंय. 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते, तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत एवढंच.

ता. क. त्या सिनेमात साराचं स्वप्न आहे, खेळाच्या मैदानावर बॉम्ब पडतो ते. तुम्ही दोघं तो प्रसंग इतक्यांदा पाहून बसला आहात की तुम्हाला काही वाटणार नाही, पण पोरगा पहिल्यांदा बघणार आहे. ते येण्याआधी त्याला सांगा, पुढे जरा भयंकर आहे, नको असेल तर आत जाऊन पाणी पिऊन ये. आणि हिंदी डब लावायचा की इंग्रजी, हे त्यालाच ठरवू द्या. त्यावरून तुम्ही दोघं भांडू नका.